जुन्या फ्रेंच शाई-क्रेयॉन रेखाटनावरच्या निळ्या खुणा : पुसाव्यात की राहू द्याव्यात?

माळ्यावरची_पेटी (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी शिक्षणासाठी दोन वर्षे पॅरिसला होती. परत येण्याच्या आधीच्या रविवारी तिने पोर्त द व्हान्व्ह येथे शनिवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून एक रेखाटन साठ युरोंना विकत घेतले आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून ते पुण्याला आणले. विक्रेत्याने पुठ्ठ्यावर फ्रेंचमध्ये 'शाई आणि क्रेयॉन, विसाव्या शतकाचा आरंभ' एवढेच लिहून दिले होते. चित्रकाराचे नाव त्यालाही ठाऊक नव्हते.

सोबत छायाचित्रे जोडली आहेतच, तरी वर्णन करते. कागद सुमारे ३२ बाय २५ सेंटीमीटरचा, पिवळसर पडलेला आणि किंचित खरबरीत आहे. डावीकडे काळा झगा आणि गळ्याला पांढरी पट्टी अशा वेषातला एक वकील वाकून उभा आहे. उजवीकडे लाकडी बाकावर एक बाई तोंडाला रुमाल लावून बसली आहे आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून एक मूल झोपले आहे. वकिलाचा एक हात तिच्यापुढे उघडा धरलेला आहे. तो तिला धीर देत असावा असे आम्हाला वाटते. आकृत्या जाड काळ्या शाईच्या आहेत आणि झग्याची सावली काळ्या क्रेयॉनने रगडून काढलेली आहे.

अडचण पुढे आहे. मागच्या भिंतीवर आणि झग्याच्या पाठीवर कोणीतरी निळ्या पेन्सिलीने भराभर गिरमिट केले आहे. बाईच्या आकृतीखाली शाईच्या रेघांना लागून बारीक निळ्या रेघाही दिसतात. मुलाच्या पायांवर पांढऱ्या रंगाचा लपका आहे. खालच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी आहेत, पण मुलीला फ्रेंच येत असूनही ते घाईचे अक्षर लागले नाही, आणि दुसऱ्या ओळीवर निळी काट मारलेली आहे. कडेला एक दोन टोकांचा बाण आणि १४ हा आकडा आहे. चारही कोपऱ्यांत टाचणीची भोके आहेत. मागच्या बाजूला ३१७ हा आकडा आणि अर्धवट उमटलेला एक शिक्का आहे. उजवीकडे खाली सही आहे, पण ती लागत नाही. चित्रातली शाई काळी असताना सही मात्र तपकिरी दिसते.

आमच्या भागातल्या फ्रेम करणाऱ्याने कागद पाहून सांगितले की समास कापून टाकू, कागद धुऊन पांढरा करून देऊ आणि निळे डाग निघतील तेवढे काढू, म्हणजे 'चित्र चित्रासारखे दिसेल'. मी अजून होकार दिलेला नाही. हे खरोखर हाताने काढलेले आहे की छापील आहे, निळ्या खुणा कशाच्या आहेत, आणि एका परिचितांनी वकील पाहताच 'फोरँ' या फ्रेंच चित्रकाराचे नाव घेतले त्यात कितपत तथ्य आहे, हे जाणकारांनी सांगावे.


खिळेजुळारी

ताई, प्रथम त्या फ्रेमवाल्याला थांबवा. बाकीचे सावकाश बोलू.

माझ्या वडिलांचा छापखाना होता आणि ऑफसेट आमच्या गावापर्यंत पोहोचेपर्यंत चित्र छापायचे म्हणजे ब्लॉक, म्हणजे त्या चित्राचा धातूचा ठसा, करून आणायचा, एवढाच मार्ग होता. ब्लॉकमेकरकडे चित्र पाठवताना आम्हीही समासात दोन टोकांचा बाण ओढून मध्ये रुंदी लिहीत असू. तुमच्या कागदावरचा १४ हा आकडा तोच आहे. छायाचित्रावरून चित्राची रुंदी अट्ठावीस सेंटीमीटरच्या आसपास दिसते. म्हणजे ते निम्मे करून चौदा सेंटीमीटरला छापायचे होते. आकड्याशेजारी जी पुसट अक्षरे आहेत ती मला रोमन 'सी' आणि 'एम' यांसारखी वाटतात, म्हणजे सेंटीमीटर. शाईच्या रेघा तुम्हाला जाड आणि काहीशा ओबडधोबड वाटल्या असतील, तर त्याचेही कारण हेच आहे. चित्र निम्मे झाले की रेघही निम्मी बारीक होते आणि हाताचा थरथराट छापात दिसेनासा होतो. हे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नाही, ब्लॉकसाठी काढलेले आहे, हे एकदा धरले की सगळ्या खुणा आपोआप उलगडतात.

लाइन ब्लॉकची गोष्ट थोडक्यात सांगतो. मूळ चित्राचा मोठ्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा, ती निगेटिव्ह प्रकाशाला संवेदनक्षम असा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, आणि मग पत्रा नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये धरायचा. रेघांच्या मधला भाग अ‍ॅसिड खाऊन टाकते आणि रेघा उंच राहतात. पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, उंचीचा केला की तो मजकुराबरोबरच छापता येतो. पॅरिसमध्ये या पद्धतीचा पाया फिर्मँ झियो यांनी १८५० मध्ये घातला, पुढे १८७० च्या दशकात त्यांच्या मुलाने, शार्ल झियो यांनी, तिला फोटोची जोड दिली, आणि फ्रेंच लोक आजही त्या पद्धतीला झियोताज म्हणतात. या ब्लॉकची मर्यादा एकच आहे, पण ती मोठी आहे : त्याला फक्त काळे आणि कोरे कळते, करडे कळत नाही.

आता क्रेयॉनकडे या. खरबरीत कागदावर क्रेयॉन फिरवला की तो कागदाच्या उंचवट्यांवरच लागतो आणि खळगे कोरे राहतात. डोळ्याला ती करडी सावली दिसते, पण प्रत्यक्षात ते काळ्या ठिपक्यांचे जाळे असते आणि ठिपके ब्लॉकला कळतात. म्हणून वर्तमानपत्रांचे चित्रकार मुद्दाम दाणेदार कागद घेत असत.

निळ्या रंगाचे दोन उपयोग होते आणि तुमच्या कागदावर मला दोन्ही दिसतात. त्या काळात ब्लॉकच्या कामाला वापरल्या जाणाऱ्या साध्या फोटो-प्लेटी निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देत, त्यामुळे फिका निळा आणि कोरा कागद यांच्यात कॅमेऱ्याला फारसा फरक दिसत नसे. चित्रकार आधी बारीक निळ्या रेघेने आकृती बसवून घेई, वरून शाई मारी आणि खालची निळी रेघ पुसण्याच्या भानगडीत पडत नसे. बाईच्या आकृतीखालच्या रेघा त्या आहेत. भिंतीवरचे आणि झग्यावरचे गिरमिट मात्र वेगळे. ती ब्लॉकमेकरला दिलेली सूचना आहे की एवढ्या भागात ठिपक्यांचा किंवा रेघांचा यांत्रिक टिंट भरावा. असे टिंट घालण्याच्या पद्धतीचे एक प्रसिद्ध पेटंट अमेरिकेत बेंजामिन डे यांनी १८७९ मध्ये घेतले होते आणि 'बेन डे' हे नाव आमच्या धंद्यात पुढे कित्येक वर्षे चालले. छापलेल्या अंकात त्या भिंतीवर निळा रंग नव्हे, तर एकसारखी करडी छटा आलेली असेल.

पांढरा लपका म्हणजे दुरुस्ती. मुलाचे पाय आधी बहुधा वेगळ्या जागी होते. कॅमेऱ्याला पांढरा रंग आणि पांढरा कागद सारखेच, मग चित्र पुन्हा काढायचे कशाला? टाचणीची भोके कॅमेऱ्यासमोरच्या फळीची असतील किंवा चित्रकाराच्या स्वतःच्या फळीची असतील. यावर मी पैज लावणार नाही.


कागदाची_काळजी

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी कागदाच्या जतनाचे काम करते, म्हणून उरलेल्या बाजूने लिहिते.

आधी 'क्रेयॉन' या शब्दाबद्दल, कारण त्यावरून नेहमी घोटाळा होतो. आपल्याकडे क्रेयॉन म्हटले की लहान मुलांची मेणाची रंगीत कांडी डोळ्यांसमोर येते. फ्रेंचमध्ये तो शब्द 'क्रे' म्हणजे खडू यावरून आला आहे आणि आज त्याचा साधा अर्थ पेन्सिल असा होतो. त्यामुळे फ्रेंच विक्रेता जेव्हा 'शाई आणि क्रेयॉन' लिहितो, तेव्हा त्यात शिशाची पेन्सिल, रंगीत पेन्सिल, काँतेची कांडी, शिळाछपाईचा (दगडावरून चित्र छापण्यासाठीचा) तेलकट क्रेयॉन यांपैकी काहीही असू शकते. निकोला-झाक काँते यांनी १७९५ मध्ये ग्रॅफाइटची पूड आणि माती एकत्र भाजून पेन्सिल करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि त्यांच्या नावाच्या काळ्या कांड्या फ्रेंच चित्रकारांच्या पेटीत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ राहिल्या. तुमच्या चित्रातला काळा भाग कशाचा आहे हे बोटाने घासून पाहू नका. कागद डोळ्यांच्या पातळीवर धरून तिरका उजेड पाडा. चमक दिसली तर ग्रॅफाइट, मखमलीसारखा मंद काळा दिसला तर काँते किंवा तत्सम, आणि कागदाच्या मागच्या बाजूला तेल उतरल्यासारखा अर्धपारदर्शक डाग दिसला तर शिळाछपाईचा क्रेयॉन, कारण त्यात मेण, साबण आणि चरबी असते.

हाताने काढलेले की छापील, हे ठरवण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ठराविक अंतरावरचे ठिपके दिसले तर हाफटोन छपाई आहे, तेथेच विषय संपला. ठिपके नाहीत म्हणून मात्र हुरळून जाऊ नये. त्या काळात कोलोटाइप नावाची छपाई होती. तिच्यात ठिपके नसतात, बारीक सुरकुत्यांसारखा दाणा असतो आणि ती साध्या डोळ्यांना सहज फसवते. म्हणून कागदाचा पोत पाहा. टाकाने जोर देऊन ओढलेल्या रेघेत निबाच्या दोन पात्यांच्या दोन बारीक चऱ्या कागदात उमटतात. रेघ जेथे संपते तेथे शाई साचून थेंबासारखी गडद होते. पांढरा रंग बोटाला न लावताही उंच आलेला कळतो. शाई, क्रेयॉन, निळी पेन्सिल आणि पांढरा रंग हे चार पदार्थ चार वेगवेगळ्या तऱ्हांनी कागदावर बसलेले दिसले, तर ते छापील असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

आता धुण्याविषयी, आणि हे मी जरा कडक शब्दांत लिहिते. पांढरी दुरुस्ती बहुतेक गोंदात कालवलेल्या रंगाची असेल. ती पाण्यात विरघळते. म्हणजे कागद धुतल्यावर मुलाचे पाय नाहीसे होतील किंवा चित्रकाराने झाकलेले जुने पाय वर येतील. निळ्या पेन्सिलीत प्रशियन ब्लू असेल तर तो साध्या पाण्याला टिकतो, पण अल्कलीला टिकत नाही. कागदातील आम्ल काढण्यासाठी जे अल्कलीयुक्त पाणी वापरतात त्यात तो तपकिरी पडतो. निळी पेन्सिल 'कॉपिंग' जातीची असेल, तर पाणी लागताच जांभळा ओघळ सगळ्या कागदावर पसरेल. घरगुती ब्लीचबद्दल बोलायलाच नको. कागद पिवळा पडला आहे तो त्याच्या वयाला शोभेल इतकाच पडला आहे, असे छायाचित्रावरून दिसते.


ल्यों_निवासी

मी गेली अकरा वर्षे फ्रान्समध्ये आहे आणि जुन्या व्यंगचित्र-साप्ताहिकांचे अंक जमवण्याचा नाद मला आहे. समासातले अक्षर मोठे करून पाहिले. पहिली ओळ लागली :

'रडा बाई, रडा… पण इतक्यात नको.'

काट मारलेली दुसरी ओळ अशी आहे : 'सुनावणीसाठी राखून ठेवा.'

धागाकर्तींना वकील धीर देत आहे असे वाटले आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण मथळा वाचेपर्यंत मलाही तसेच वाटले होते. तो उघडा हात सांत्वनाचा नाही, थांबवण्याचा आहे. बाईचे अश्रू हा वकिलाच्या लेखी पुरावा आहे आणि तो न्यायाधीशांसमोर सादर व्हायचा आहे, तो येथे बाकावर वाया जाऊ नये, एवढीच त्याची काळजी आहे. शिवाय पाहा, दुसरी ओळ कोणीतरी निळ्या पेन्सिलीने उडवली आहे. चित्रकाराने असेल किंवा संपादकाने असेल, पण ज्याने उडवली त्याला विनोदाची जाण होती. सुनावणीचे नाव घेतले की विनोद समजावून सांगितल्यासारखा होतो. झगा आणि बाक पाहणाऱ्याला ते सांगण्याची गरजच नाही. ताई, फ्रेमवाला जो समास कापायला निघाला आहे, त्याच पट्टीवर हे सारे आहे.

या प्रकारच्या चित्रांत खालची ओळ म्हणजे चित्राचा अर्धा भाग असतो. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फोरँ यांचेच आहे. १९१५ च्या जानेवारीत 'लोपिनियाँ' या साप्ताहिकात त्यांनी खंदकातले दोन फ्रेंच सैनिक काढले. एक म्हणतो, त्यांनी टिकाव धरला म्हणजे झाले. दुसरा विचारतो, कोणी? पहिला उत्तर देतो, नागरिकांनी. ओळी काढून घेतल्या तर तेथे थंडीत कुडकुडणारे दोन शिपाई, एवढेच उरते.

परिचितांनी फोरँ यांचे नाव का घेतले असावे हे समजण्यासारखे आहे. झाँ-लुई फोरँ (१८५२–१९३१) हे रँस या गावचे. चित्रकार एदगार दगा यांच्या स्नेहामुळे इम्प्रेशनिस्ट मंडळींच्या १८७९, १८८०, १८८१ आणि १८८६ च्या प्रदर्शनांत त्यांची चित्रे होती, पण नाव झाले ते वर्तमानपत्रांतल्या रेखाटनांमुळे. न्यायालये, झग्यातले वकील, बाकांवर ताटकळणारी गरीब माणसे हा तर त्यांचा हक्काचा विषय. कमीत कमी रेघांत माणूस उभा करण्याची हातोटीही त्यांचीच. मात्र त्यांच्याबद्दल आदराने बोलताना एक गोष्ट झाकून ठेवू नये : ड्रेफस प्रकरणात, एका निरपराध ज्यू अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवले गेले तेव्हा, फोरँ यांनी व्यंगचित्रकार कारां दाश यांच्यासह १८९८ मध्ये 'प्स्त' नावाचे साप्ताहिक काढले आणि दीड वर्ष तीच धारदार रेघ ड्रेफसविरोधी व ज्यूद्वेषी प्रचाराला जुंपली. त्याला उत्तर म्हणून चित्रकार इबेल्स यांनी त्याच वर्षी 'ल सिफ्ले' म्हणजे 'शिट्टी' हे साप्ताहिक काढले. (जाता जाता : 'कारां दाश' हे मॉस्कोत जन्मलेल्या एमान्युएल प्वारे यांचे टोपणनाव होते आणि ते पेन्सिलीसाठी असलेल्या 'करंदाश' या रशियन शब्दावरून घेतलेले होते. चित्रांच्या दुकानात त्याच नावाच्या ज्या स्विस पेन्सिली मिळतात, त्यांचे नावही तेथूनच आलेले आहे.)

तरी केवळ वकील दिसला म्हणून फोरँ म्हणता येणार नाही. २९ जुलै १८८१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये छापण्यापूर्वी चित्रांना सरकारी परवानगी घेण्याची सक्ती संपली, आणि त्यानंतरच्या तीस वर्षांत सचित्र साप्ताहिकांचे पीकच आले. 'ल रीर' १८९४ मध्ये निघाले. 'लासिएत ओ बर' ४ एप्रिल १९०१ ला सुरू झाले आणि १९१२ पर्यंत चालले. या दुसऱ्या नावाचा शब्दशः अर्थ 'लोण्याची बशी'; आपण सत्तेवरच्यांनी लोणी खाल्ले म्हणतो ना, नेमके तेच. त्यात स्टेनलेन, झोसो, ग्राँझुआँ, एर्मान-पोल, कुप्का, व्हालोताँ अशा कितीतरी जणांनी काम केले, आणि न्यायालय, पोलीस, सैन्य, धर्मगुरू यांची कातडी सोलणे हा त्या साप्ताहिकाचा रोजचाच उद्योग होता. वकिलाचा झगा त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक व्यंगचित्रकाराने कधी ना कधी काढला असणार. तुमच्या चित्रातले मूल ज्या मायेने काढले आहे ते पाहता मला तर फोरँपेक्षा स्टेनलेन यांच्या वाटेवरचा कोणी आठवतो, पण हा केवळ माझ्या नजरेचा कौल आहे आणि तो पुरावा म्हणून धरू नये.

खरा मार्ग दुसरा आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'गॅलिका' हा विनामूल्य डिजिटल संग्रह उघडा. या साप्ताहिकांचे अंक त्यात पानोपानी पाहता येतात आणि बऱ्याच अंकांच्या मजकुरात शब्द शोधता येतो. पहिल्या ओळीतले तीन-चार फ्रेंच शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. छापील चित्र सापडले तर चित्रकार, तारीख आणि साप्ताहिक या तिन्ही गोष्टी एकदम कळतील. मागच्या अर्धवट शिक्क्यासाठी फ्रिट्स लुख्त यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली संग्राहकांच्या शिक्क्यांची सूची आता पॅरिसच्या कुस्टोडिया प्रतिष्ठानाने आंतरजालावर ठेवली आहे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या खोलीतल्या कागदांवर मारलेले शिक्केही तीत आहेत.


तिऱ्हाईत

सर्वांची क्षमा मागून विचारतो. साठ युरो म्हणजे पाच-सहा हजार रुपयांचा कागद, सही न लागणारी, चित्रकार अज्ञात. मालकिणीला दिवाणखान्यात टांगायला नीटनेटके चित्र हवे असेल, तर समास ठेवून त्यावर फ्रेमचा माउंट, म्हणजे खिडकी कापलेला पुठ्ठा, चढवावा आणि मोकळे व्हावे. अशा प्रत्येक कागदाला संग्रहालयातली वस्तू मानले, तर घरात काही टांगताच येणार नाही.


कागदाची_काळजी

तिऱ्हाईत, माउंटबद्दलचा आपला मुद्दा अगदी योग्य आहे आणि त्यात वाद नाही. समास कापणे आणि माउंटखाली झाकणे यांत फरक एवढाच की झाकलेले उद्या उघडता येते. माझे म्हणणे फक्त इतकेच आहे की पुसणे, धुणे आणि कापणे या तीन गोष्टी परत फिरवता येत नाहीत.


माळ्यावरची_पेटी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभार. काल रात्री जेवणे झाल्यावर स्वयंपाकघरातला टेबल रिकामा केला, मोबाइलची विजेरी कागदाला समांतर धरली आणि घड्याळजीकडून मागून आणलेल्या भिंगातून पाहिले. वकिलाच्या बाहीवरच्या लांब रेघेत खरोखरच दोन चऱ्या दिसतात, रेघ वळते तेथे त्या एकमेकींपासून दूर जातात आणि मध्ये शाई फिकी होते. रेघेच्या शेवटी शाईचा फुगवटा आहे आणि तो वाळताना त्याला तडा गेला आहे. क्रेयॉन कागदाच्या दाण्यांवर बसलेला आहे, चमकत नाही आणि मागे तेलाचा डागही नाही. पांढऱ्या लपक्याखाली, उजेड अगदी तिरका केल्यावर, मुलाचा दुसरा एक पाय दिसतो! तो बाकावरून खाली लोंबत होता. चित्रकाराने तो झाकून पाय जवळ घेतलेले मूल केले आहे. मुलगी म्हणाली की आधीचे मूल जागे असणार.

एक शंका उरते. सहीची शाई तपकिरी का? चित्रावर सही मागाहून कोणी केली असेल का? मागच्या बाजूने सहीच्या जागी कागद किंचित तपकिरी झाला आहे, चित्राच्या इतर रेघांमागे मात्र तसे नाही.


कागदाची_काळजी

आपण फार नेमके पाहिलेत. मागच्या बाजूला उतरलेला तपकिरी रंग ही लोहयुक्त शाईची, म्हणजे मायफळ आणि हिराकस यांपासून केलेल्या शाईची खूण आहे. ती लिहिताना काळसर असते, काळाने तपकिरी होते आणि आम्लामुळे हळूहळू कागद खाते. चित्रातली काळी शाई बहुधा काजळीची आहे. गंमत म्हणजे इंग्रज तिला भारताची शाई म्हणतात आणि फ्रेंच चीनची. आपल्या जुन्या पोथ्या ज्या काजळीच्या शाईने बोरूने लिहिल्या आहेत, तिच्यातही रंग देणारा पदार्थ कार्बनच होता, आणि तो फिका पडत नाही.

सही वेगळ्या शाईची आहे यावरून दोनच गोष्टी निश्चित म्हणता येतात : ती वेगळ्या दौतीतून झाली आणि ती जुनी आहे. चित्रकाराने रेखाटन कार्यालयात नेऊन तेथल्या टेबलावरच्या लिहिण्याच्या शाईने सही केली असेल, हेही तितकेच संभवते. वेगळी शाई म्हणजे खोटी सही असा निष्कर्ष काढू नये आणि जुनी शाई म्हणजे खरी सही असाही काढू नये.

सहीच्या जागी ओल लागू देऊ नका, कारण आर्द्रतेत ही शाई अधिक वेगाने कागद खाते. पुण्याच्या पावसाळ्याचा विचार करता बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये. ओल आली की बुरशी आणि कसर दोन्ही येतात. माउंट आम्लमुक्त पुठ्ठ्याचा घ्यावा आणि त्याची खिडकी मथळ्याची ओळ आत येईल इतकी मोठी ठेवावी. कागद पुठ्ठ्याला चिकटवू नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावून तो नुसता लटकता ठेवावा. सेलोटेप तर कधीच नको. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर क्रेयॉन काचेला लागेल. प्रकाश पन्नास लक्सपर्यंत, म्हणजे मंद, असावा, आणि थेट ऊन कधीच पडू नये. हे सारे जवळपास कोणी करून देत नसेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे, तेथे विचारावे.


खिळेजुळारी

ताई, माझी एक विनंती. मागचा ३१७ आकडा निळ्या पेन्सिलीने आहे की शिशाच्या, तेवढे पाहून सांगाल का? आमच्याकडे ब्लॉकच्या वहीतला अनुक्रमांक चित्राच्या पाठीवर आणि ब्लॉकच्या लाकडावर असा दोन्हीकडे टाकत असत, म्हणजे छापून झाल्यावर चित्र ज्याचे त्याला परत देता येई. निदान द्यावे अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात निम्मी चित्रे कपाटावर धूळ खात पडत आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जात. तुमचा कागद कोणीतरी त्या गठ्ठ्यातून उचलून ठेवला असणार.


ल्यों_निवासी

एक व्यावहारिक सूचना राहिली. पुढे कधी हे चित्र विक्रीसाठी किंवा तपासणीसाठी पुन्हा फ्रान्सला पाठवण्याचा विचार झाला, तर आपल्या १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, हे लक्षात घेऊन आधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी. मुलीने खरेदी केल्याची पावती आणि विक्रेत्याच्या अक्षरातला तो पुठ्ठा जपून ठेवा. पुठ्ठा मात्र चित्रापासून वेगळा ठेवा, कारण त्यातले आम्ल कागदाला लागते.


माळ्यावरची_पेटी

आकडा निळ्या पेन्सिलीनेच आहे, आणि समासातली काट ज्या निळ्याची आहे त्याच निळ्याचा तो दिसतो. भिंतीवरचे गिरमिट त्याहून थोडे फिके आहे.

गॅलिकावर दोन संध्याकाळी आम्ही दोघींनी शोध घेतला. 'ल रीर'चे १९०२ ते १९०५ चे अंक पाहून झाले, रडणाऱ्या बायका आणि झग्यातले वकील पुष्कळ सापडले, पण आमचा वकील अजून सापडलेला नाही. पुढच्या शनिवारी 'लासिएत ओ बर' उघडणार आहोत. फ्रेमवाल्याला फोन करून नकार कळवला; तो म्हणाला, समासासकट लावली तर फ्रेम मोठी होईल आणि तीनशे रुपये जास्त पडतील. ते द्यायचे ठरले आहे. खिडकी मात्र काटेची ओळही दिसेल इतकी ठेवायला सांगितली आहे.